मुलाच्या वाढीची वही आईने कशी ठेवावी

घरात मूल आले की पहिला दात, पहिले पाऊल आणि पहिला शब्द या गोष्टी जन्मभर लक्षात राहतील असे प्रत्येक आईला वाटते. प्रत्यक्षात मूल शाळेत जाऊ लागेपर्यंतच गोवराची लस कोणत्या महिन्यात दिली, रांगायला कधी लागले, तुळजापूरला पहिल्यांदा नेले तेव्हा ते किती महिन्यांचे होते, हे विचारले तर आई, आजी आणि आत्या तिघी तीन उत्तरे देतात. त्यासाठी एक वही ठेवावी. ही वही कशी ठेवावी, तिच्यात काय लिहावे आणि काय लिहिण्यात वेळ घालवू नये, हे सोलापुरातल्या घराचा दिनक्रम डोळ्यांसमोर ठेवून येथे सांगत आहे. माझे मत सुरुवातीलाच नोंदवते: वहीत सणावारापेक्षा साध्या दिवसाला जास्त जागा द्यावी, आणि वही मुलाची असली तरी तिच्यात आईसुद्धा दिसली पाहिजे.

वही आणि तिची जागा

बाजारात मिळणारी, चित्रांची चौकट आणि छापील रकाने असलेली वही शक्यतो घेऊ नये, कारण रकाना रिकामा राहिला की अपराधी वाटते आणि लिहिणे थांबते. शिवलेल्या बांधणीची दोनशे पानी फुलस्केप वही उत्तम. स्पायरल वहीची पाने कालांतराने निघतात. पाण्याने पसरणाऱ्या शाईऐवजी साधे बॉलपेन वापरावे आणि ते दोरीने वहीलाच बांधून ठेवावे. वही कपाटात ठेवू नये. ती ओट्याजवळच्या फळीवर, हात पुसून लगेच घेता येईल अशा ठिकाणी असावी.

लिहिण्याची वेळ घड्याळाने ठरवून उपयोग होत नाही. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या दिवशी पाणी येते त्या दिवशी भांडी, टाक्या, धुणे यांत घरातल्या बाईचे सारे वेळापत्रक बदलते. म्हणून वेळ एखाद्या कामाला जोडावी: दुपारी मूल झोपल्यावर, किंवा रात्री शेवटची भाकरी झाल्यावर ओटा पुसला की एक ओळ. दिवसाची एक ओळ पुरेशी आहे. चार दिवस लिहायचे राहिले तर त्या दिवसांच्या नोंदी आठवून, जुळवून लिहू नयेत. जागा सोडावी आणि आजचे लिहावे.

पहिली दोन पाने न बदलणाऱ्या माहितीसाठी ठेवावीत. जन्माची तारीख व वेळ, ठिकाण, जन्माचे वजन ग्रॅममध्ये, लांबी, रक्तगट तपासला असल्यास तो, आणि जन्मनोंदणीचा क्रमांक तेथे लिहावा. १९६९ च्या जन्म व मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत द्यावी लागते. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ती माहिती दवाखाना कळवतो, पण दाखल्यावरील आईवडिलांची नावे, आडनाव आणि त्यांचे इंग्रजी स्पेलिंग तपासणे हे आपले काम आहे. बारशाला नाव ठरले नसले तरी नोंदणी अडत नाही. मुलाचे नाव एका वर्षाच्या आत विनाशुल्क आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंदवता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पुढच्या अनेक कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, त्यामुळे त्यातील एका अक्षराची चूकही वेळीच दुरुस्त करून घ्यावी. शेवटच्या पानावर पुढे करावयाच्या गोष्टी लिहाव्यात. उदाहरणार्थ, पाच वर्षांच्या आतील मुलाचे आधार बोटांच्या ठशांशिवाय निघते, परंतु पाच वर्षे पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा पंधराव्या वर्षी ठसे द्यावे लागतात.

वजन, लस, अन्न आणि वाढीचे टप्पे

लसीकरणाचे कार्ड ही वेगळी वस्तू आहे आणि ते जपावेच, पण कार्ड हरवते, भिजते, माहेरी राहते. म्हणून प्रत्येक लसीची तारीख त्याच दिवशी वहीत उतरवावी. सरकारी वेळापत्रकानुसार जन्मतः बीसीजी, पोलिओ आणि काविळीची (हिपॅटायटिस बी) लस, मग ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसी, ९ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला, १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि बूस्टर, आणि ५ ते ६ वर्षांत आणखी एक बूस्टर असा क्रम असतो. तारखेपुढे लस दिल्यानंतर काय झाले ते लिहावे: ताप किती आला, किती वेळ राहिला, मांडी सुजली का, मूल किती रडले. बीसीजीनंतर काही आठवड्यांनी दंडावर लहान फोड येऊन व्रण राहतो, त्याची तारीखही टिपावी. पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारले की अंदाजाने बोलावे लागत नाही.

वजन शक्यतो एकाच काट्यावर करावे. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येते; पाचव्या महिन्याच्या सुमारास ते जन्मवजनाच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होते. हे आकडे लिहून ठेवले की सासूबाई ‘बाळ वाळलं’ म्हणाल्या तरी वही उघडून दाखवता येते, आणि खरोखरच वजन थांबले असेल तर तेही लवकर लक्षात येते.

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. त्यानंतर प्रत्येक नवा पदार्थ वेगवेगळ्या दिवशी सुरू करून त्याची तारीख लिहावी: मुगाच्या डाळीचा मऊ भात, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे, दुधात भिजवून मऊ केलेली ज्वारीची भाकरी. सोलापूरच्या स्वयंपाकघरात शेंगा कधीच नसतात असे होत नाही, म्हणून शेंगदाण्याची नोंद मुद्दाम करावी. तिखटमीठ न घालता, अगदी बारीक वाटून पातळ केलेला शेंगदाणा प्रथम दिला तो दिवस, आणि त्यानंतर अंगावर पुरळ, ओठांना सूज किंवा उलटी झाली का, हे लिहावे. असे काही झाले तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तो पुन्हा देऊ नये. अख्खा शेंगदाणा मात्र चार-पाच वर्षांपर्यंत देऊच नये, कारण तो श्वासनलिकेत अडकतो. मध वर्षाच्या आत चाटवू नये, बारशालासुद्धा नाही.

टप्प्यांची नोंद करताना शेजारच्या बाळाशी तुलना करण्याचा मोह टाळावा. दोन महिन्यांच्या सुमारास बाळ ओळखीने हसते, चार महिन्यांपर्यंत मान धरते, नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसते, बारा ते अठरा महिन्यांत चालू लागते आणि दोन वर्षांच्या सुमारास दोन शब्द जोडून बोलते. या मर्यादांच्या आत कोणी आधी, कोणी नंतर असते. दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे वय दोन वर्षांपर्यंत अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजावे. अजून न आलेल्या गोष्टीही महिन्याच्या शेवटी लिहाव्यात, उदाहरणार्थ ‘अजून पालथे होत नाही’. पाचव्या महिन्यात मान डगमगत असेल, अठराव्या महिन्यात चालत नसेल, हाकेला वळून पाहत नसेल, किंवा आधी येत असलेली एखादी गोष्ट मुलाने सोडून दिली असेल, तर ‘होईल हळूहळू’ असे म्हणत बसू नये. वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जावे.

शब्दांसाठी मागच्या बाजूने वेगळी पाने ठेवावीत. आपल्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात, त्यामुळे मूल पाण्याला घरी ‘पापा’ आणि शेजारच्या अम्मांकडे ‘नीळ्ळु’ म्हणते. शब्द जसा उच्चारला तसाच लिहावा, शुद्ध करू नये, आणि तो कोणाकडून उचलला तेही लिहावे.

साधा दिवस

वहीचा खरा जीव या नोंदींत आहे, आणि बहुतेक जणी नेमक्या याच वगळतात. ‘आज खूप मजा आली’ ही ओळ दहा वर्षांनी काहीच सांगत नाही. ‘दुपारी वीज गेली, सोलापुरी चादर ओली करून खिडकीला लावली, तिच्याखाली बसून चमच्याने वाटी वाजवत राहिला, झोपला नाही’ ही ओळ सगळे सांगते. फरक एवढाच आहे की दुसऱ्या ओळीत वस्तू आहे, वेळ आहे आणि मुलाने काय केले ते आहे. कौतुकाची विशेषणे गाळावीत आणि क्रियापदे लिहावीत.

महिन्यातून एकदा, सणाचा नसलेला एखादा दिवस निवडून तो सकाळपासून रात्रीपर्यंत पूर्ण लिहावा. मूल किती वाजता उठले, पहिल्यांदा कोणाकडे गेले, दूध घेतले की नाकारले, भाकरी थापण्याचा आवाज ऐकून काय केले, कोणत्या कोपऱ्यात खेळले, कोणी कडेवर घेतले, कशावरून हट्ट केला, आंघोळीला कोण होते, रात्री कशाने झोपले. ज्यांचे घर शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या वस्तीत आहे त्यांनी मागाचा आवाज कधी सुरू होतो आणि कधी थांबतो तेही लिहावे. त्या आवाजात झोपायला शिकलेली मुले तो बंद झाला की जागी होतात. त्याच पानावर त्या दिवसाचे दुधाचे, ज्वारीचे आणि रिक्षाचे भाव टिपावेत. आज हे निरर्थक वाटेल, पण मूल मोठे झाल्यावर याच आकड्यांवर बोट ठेवून प्रश्न विचारते.

भांडणे, आजारपण, पैशांची ओढ या गोष्टी वहीत लिहाव्यात का, असा प्रश्न पडतो. माझ्या मते लिहाव्यात, मात्र मुलाने पुढे वाचायचे आहे हे भान ठेवून: काय घडले ते लिहावे, कोण चुकले त्याचा निवाडा लिहू नये. ‘तापाने तीन रात्री कोणी झोपले नाही, बाबांनी कामावर खाडा केला’ एवढे पुरते.

आणि दर आठवड्याला एक ओळ आईने स्वतःविषयी लिहावी. किती झोप झाली, काय खाल्ले, टाके दुखतात का, विडी वळण्याचे, शिवणाचे, बँकेतले किंवा शाळेतले काम पुन्हा कधी सुरू केले, पहिल्या दिवशी मूल कोणाकडे ठेवले. आईच्या आयुष्यातील हे टप्पे मुलाच्या दाताइतकेच नोंदवण्याजोगे आहेत, आणि ते दुसरे कोणीही लिहून ठेवत नाही. याचा एक थेट उपयोगही आहे. बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवस रडू येणे पुष्कळ जणींना होते. पण दोन आठवडे उलटले तरी या ओळींत उदासी, भीती, बाळाविषयी काहीच न वाटणे किंवा ‘मी नसते तर बरे’ असे विचार येत असतील, तर ते लिहिलेले पान घरातल्या विश्वासाच्या माणसाला दाखवावे आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. यावर उपचार आहेत आणि त्यांनी बरे वाटते.

सण आणि विधी

या नोंदी थोडक्यात कराव्यात, कारण त्यांचे फोटो कोणी ना कोणी काढतेच. बारसे, उष्टावण, जावळ, कान टोचणे यांची तारीख, ठिकाण आणि कोणाच्या मांडीवर केले, एवढे पुरे. बोरन्हाण आपल्याकडे संक्रांतीला, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, धामधुमीतच येते. डोक्यावरून ओतायच्या बोरांतून आणि चुरमुऱ्यांतून हलवा, शेंगदाणे, लहान गोळ्या आधीच काढून टाकाव्यात, कारण जमलेली लहान मुले ते वेचून तोंडात घालतात. मुलाला प्रथम त्या यात्रेतील नंदीध्वजांची (सजवलेल्या उंच काठ्यांची) मिरवणूक दाखवायला नेले तेव्हा ते ढोलाच्या आवाजाला घाबरले की टक लावून पाहत राहिले, हे मात्र जरूर लिहावे. तेलुगू भाषक कुटुंबांत नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवाची अशीच नोंद करता येईल.

प्रवास

लहान मुलाबरोबरचा पहिला प्रवास जवळचा आणि एका दिवसात परतण्याचा असावा. अक्कलकोट सुमारे ४० किलोमीटर आणि तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर आहे. पंढरपूर सत्तरच्या पुढे असल्याने ते दुसऱ्या टप्प्यात ठेवावे. एसटीत पाच वर्षांच्या आतील मुलाला तिकीट नसते, पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट असते, आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांनाही अर्धे भाडे आहे. रेल्वेत पाच वर्षांच्या आतील मुलाला स्वतंत्र जागा न घेतल्यास भाडे नाही; पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडे लागते, न घेतल्यास अर्धे. मुंबईला जाताना रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस झोपणाऱ्या मुलासाठी सोयीची, तर पुण्याला पहाटेच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघाल्यास ऊन चढण्याआधी बराच प्रवास संपतो. अशा वेळी पाच वर्षांवरील मुलाचा बर्थ वाचवण्याच्या फंदात पडू नये. रात्रभर मांडीवर मूल घेऊन बसलेली आई दुसऱ्या दिवशी कोणाच्याच कामाची राहत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडचा पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत पहाटे निघावे, दुपारी बारा ते चार सावलीत थांबावे आणि ओआरएसची पुडी पिशवीत ठेवावी. सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरचे पाणी देऊ नये. त्याला वारंवार अंगावर घ्यावे. सहा तासांत लघवी झाली नाही, रडताना अश्रू येत नाहीत, डोळे खोल गेले किंवा मूल मलूल पडले, तर प्रवास थांबवून दवाखाना गाठावा.

परतल्यावर त्याच रात्री प्रवासाचे पान लिहावे. निघण्याची व पोहोचण्याची वेळ, उलटी कोठे झाली, काय खाल्ल्यावर शांत झाले, किती कपडे लागले, काय विसरले आणि काय विनाकारण वाहून नेले. हेच पान पुढच्या प्रवासाची यादी म्हणून वापरता येते. मूल बोलू लागले की त्याचा एक तरी प्रश्न जसाच्या तसा लिहावा. पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यात पाणीमहालावरून नर-मादी धबधबे कोसळतात, ते पाहून मुले विचारतात ते प्रश्न मोठ्यांना सुचत नाहीत. विजयपूरचा गोलघुमट सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. घुमटाखालच्या सज्जात हळू बोललेले पलीकडच्या बाजूला ऐकू येते, पण तेथे पुष्कळ पायऱ्या चढाव्या लागतात, म्हणून मूल पाचएक वर्षांचे झाल्यावर न्यावे.

तिकिटे चिकटवण्याची हौस असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वाहकाच्या यंत्रातून निघणारे तिकीट उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेले असते. त्यावरची अक्षरे काही महिन्यांत फिकी होतात आणि आपल्या उन्हाळ्यात तर आणखी लवकर. म्हणून तिकिटाची झेरॉक्स लावावी किंवा त्यावरील मजकूर शेजारी हाताने उतरवावा. सेलोटेप पिवळी पडते आणि घरच्या खळीला कसर लागते. पानाला चिरा देऊन त्यांत कोपरे खोचणे सर्वांत सुरक्षित आहे. वहीजवळ वेखंडाचा तुकडा ठेवण्याची जुनी रीत चांगली आहे.

फोटो आणि आवाज

फोनमध्ये हजारो फोटो असतात आणि हवा तो सापडत नाही. दर महिन्याला दहाच फोटो निवडून त्यांना वर्ष, महिना, दिवस या क्रमाने नाव द्यावे, म्हणजे २०२५-०१-१४ असे. या क्रमाने दिलेली नावे आपोआप तारखेनुसार लागतात. निवडलेले फोटो फोनशिवाय आणखी दोन ठिकाणी ठेवावेत, त्यातील एक घराबाहेर, म्हणजे माहेरी किंवा ऑनलाइन. वर्षातून एकदा काही फोटोंच्या प्रती कागदावर काढून मागे पेन्सिलीने तारीख व माणसांची नावे लिहावीत. शाई पुढच्या फोटोला लागते. भुईकोट किल्ल्याच्या तटाजवळ एकच दगड ठरवून दरवर्षी त्याच महिन्यात तेथे मुलाचा फोटो काढल्यास उंचीची वेगळी नोंद ठेवावी लागत नाही.

आवाज मात्र लोक विसरतात. तीन वर्षांच्या मुलाचे बोबडे बोल, आजीने म्हटलेली अंगाई, जेवताना चाललेली बडबड यांचे दोन-दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण करावे आणि सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख सांगावी. हे सारे घरापुरते ठेवावे. मुलाचा आंघोळीचा फोटो, शाळेच्या गणवेशातील फोटो, किंवा पत्ता ओळखू येईल असा दारासमोरचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नये, कारण तेथून तो कोठे जाईल यावर आपला ताबा राहत नाही.

उशिरा सुरुवात केली तर

मूल तीन-चार वर्षांचे झाले असेल तरी वही सुरू करावी, पण मागच्या वर्षांपासून नव्हे, आजपासून. आजच्या नोंदींचा हात बसल्यावर, महिन्याभराने मागचे भरायला घ्यावे. त्यासाठी लसीचे कार्ड, दवाखान्याचे कागद आणि फोनमधील फोटोंच्या तारखा समोर घेऊन बसावे. मग आजी, आत्या, मावशी यांना एकेकटे विचारावे. एकत्र विचारल्यास मोठ्या आवाजाच्या बाईचीच आठवण वहीत उतरते. नेमकी तारीख सापडली नाही तर ‘गड्ड्याच्या आधी’, ‘पहिल्या पावसात’, ‘कोजागरीला तुळजापूरला चालत जाणारे दारावरून गेले त्या आठवड्यात’ असे लिहावे. अशा नोंदीपुढे सांगणाऱ्याचे नाव आणि ‘आठवणीतून’ असा शब्द लिहावा, म्हणजे त्या दिवशीच केलेल्या नोंदी आणि मागाहून भरलेल्या नोंदी वेगळ्या ओळखू येतात. दुसरे मूल झाल्यास त्याच्यासाठी स्वतंत्र वही घ्यावी. पहिल्याच्या वहीत त्याची नोंद फक्त भावंड म्हणून असावी.